काडीचं दुसरं टोक

भाऊ,

तुझ्या वकिलाचं पत्र परवा आलं. एकच पान. वर तुझं नाव, खाली माझं, मधे चार ओळी. अर्ज करणारी व्यक्तीच वारल्यामुळे अर्ज आपोआप रद्द झाला आहे, कळवताना खेद होतो, वगैरे. हिंगणघाटच्या तहसीलसमोर टायपिंगचं टेबल लावून मला पंधरा वर्षं झाली. अर्जदार मयत, अर्ज निकाली, ही भाषा मला नवीन नाही, मी स्वतःच ती कितीदा टाइप केली आहे. पण त्या ‘आपोआप’पाशी मी जरा अडले. अकरा वर्षं त्या अर्जापायी आपण तिघांनी जे जे केलं, त्यातलं एकही आपोआप झालं नव्हतं.

तू जाऊन दोन महिने होतील. रडायचं ते रडून झालं. काही गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या, त्या आता सांगते. मधेच बोलून माझं वाक्य तोडायची तुला सवय. या वेळी पूर्ण ऐकावं लागेल.

पहिल्यांदा तुला पाहिलं तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि तू अठराचा. वडनेरच्या आपल्या घरी, ओसरीवर. खरं म्हणजे तेव्हा ते फक्त माझं घर होतं. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांची सही लागत होती म्हणून तू नाचणगावाहून आला होतास. बाबा शेतातून यायचे होते. आई बाहेर आलीच नाही. तिनं पाण्याचा गडवा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “त्याले नेऊन दे.” तो कोण, ते सांगितलं नाही. तू मान हलवून नको म्हणालास. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी नको, हे मला काही पटेना. मी गडवा धरून तशीच उभी राहिले. तू फॉर्मकडे बघतोस, मी तुझ्याकडे. बराच वेळ झाला. शेवटी मी म्हटलं, “पी न बाप्पा, माहा हात दुखून राह्यला.”

तू हसलास आणि गडवा घेतलास. त्या घरचं पाणी पिणार नाही असं तू तुझ्या आईला कबूल करून आला होतास, हे मला फार नंतर कळलं.

तुझ्या आईला मी मोठी आई म्हणते. तू दोन वर्षांचा असताना बाबांनी तिला माहेरी पोचवलं ते पोचवलंच. आजीचं आणि तिचं पटलं नाही, एवढंच कारण माझ्या कानावर आलं आहे. त्यात किती खरं, किती सोयीचं, हे सांगायला आता कोणी नाही. मग पंच बसले आणि काडीमोड झाली. गवताची काडी नवऱ्यानं एका टोकाला धरायची, बायकोनं दुसऱ्या, आणि पंचांसमोर मोडायची. संसार संपला. कागद नाही, सही नाही. त्यानंतर चार-पाच वर्षांनी बाबांनी माझ्या आईला करून आणलं. आपल्या दोघांत दहा वर्षांचं अंतर आहे ते त्यामुळे.

सावत्र हा शब्द तू कधी उच्चारला नाहीस. मीही नाही. लोक उच्चारत होते, पण लोकांना कामं कमी असतात.

माझ्या लग्नाला तू येशील की नाही, याची बाबांनाच खात्री नव्हती. तू तेव्हा नागपूरला नोकरीला होतास. आलास, आणि मांडवाच्या कडेला परक्यासारखा उभा राहिलास. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवऱ्या मुलाचा कान पिळायचा. “नवरीचा भाऊ कोण?” म्हणून विचारणा झाली. मला दुसरा भाऊ नव्हता. बाबा खाली बघायला लागले, काका चुलतभावाला पुढे ढकलायला लागले. तेवढ्यात तू चपला काढल्यास आणि सरळ येऊन नवऱ्या मुलाचा, म्हणजे मंजूच्या बाबांचा, कान असा पिळलास की ते बिचारे “अहो, अहो” करत उठायलाच निघाले. जेवणं होईपर्यंत त्यांचा कान लाल होता. वऱ्हाडातली एक बाई म्हणाली, “सावत्र भाऊ काही इतका जोरानं पिळत नाही.” त्या क्षणाचा फोटो निघाला. तोच एक फोटो, ज्यात तू, मी आणि बाबा तिघं एकत्र आहोत.

लग्नानंतर दोन वर्षांत तू अमेरिकेला गेलास. तिथून तीन वर्षांनी बाबा गेले. तेव्हा माझ्या आईनं वडनेरला बांगड्या फोडल्या, आणि त्याच दिवशी मोठ्या आईनं नाचणगावात फोडल्या. लोकांनी तोंडाला पदर लावले. सोडलेल्या बाईनं कशाला विधवा व्हायचं, असं त्यांचं म्हणणं. तुला हे फोनवर मीच सांगितलं होतं.

मग मंजूचे बाबा गेले. अपघात, एका दिवसात. मंजू पाच वर्षांची. तू तिकडून कचेरीजवळच्या टेलिफोनच्या दुकानात फोन केलास, आणि मी रडत असताना विचारलंस, “तू लग्नाआधी टायपिंगची परीक्षा पास झाली होती न? मग मशीन लाव कुठं तरी.” त्या दिवशी मला तुझा इतका राग आला होता की मी फोन आपटला. महिन्याभरानं टेबल लावलं. आजवर ज्या टेबलावर माझं आणि मंजूचं चाललं, ते तुझ्या त्या एका वाक्यावर उभं आहे. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू चढून बसला असतास.

चार वर्षांनी तू आलास तो डोक्यात बेत पक्का करूनच. माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर येऊन बसलास आणि सगळ्या पक्षकारांसमोर म्हणालास, “बाई, एक अर्ज लिहाचा हाये.”

“नंबर लावा,” मी म्हटलं.

“लय दुरून आलो न.”

“दुरून सगळेच येतात. तो म्हातारा वडनेरहून पायी आला आहे.”

म्हाताऱ्याचं काम होईपर्यंत तू गुमान बसलास. मग सांगितलंस, तू तिथला नागरिक झालास, आता भावाला बहिणीला बोलावता येतं, बहीण अर्धी असली तरी चालते, बाप एक असल्याचं सिद्ध केलं की झालं. दहा-अकरा वर्षं लागतील, पण नंबर लागतोच. मंजूही माझ्यासोबत येईल, फक्त ती एकवीसची व्हायच्या आत.

“अर्धी म्हणजे?” मी विचारलं.

“फॉर्मात तसं हाये. म्या नाई बनवला फॉर्म.”

“मले नाई यायचं. मी काय करू तिथं? बर्फात टेबल लावू?”

“तुले इचारलं कोनी? तू फक्त सह्या कर.”

हा वाद आपण अकरा वर्षं घातला, आणि तो अजून अर्धाच आहे.

एका बापाची लेकरं आहोत हे सिद्ध करण्यात आपले तीन आठवडे गेले. आपल्या जन्माचे दाखले नव्हते. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी गावच्या कोतवालाच्या वहीत. तुझी नाचणगावच्या वहीत सापडली, कारण मोठी आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती: ‘महादेव, राहणार वडनेर, यास मुलगा.’ माझी वडनेरच्या वहीत: ‘महादेव यास मुलगी.’ दोघांचीही नावं नाहीत. दोन गावच्या दोन वह्यांत एक बाप मात्र स्पष्ट अक्षरात होता. तू त्या दोन नकला शेजारी शेजारी ठेवून बघत बसलास. मी म्हटलं, “चल, झेरॉक्सचं दुकान बंद होईल.” खरं तर मलाही बघत बसायचं होतं.

आणि तो कानपिळीचा फोटो! तुझ्या वकिलानं नातं दाखवणारे फोटो मागितले होते. एक माणूस दुसऱ्याचा कान पिळतो आहे, हे बघून तिथला अधिकारी काय समजेल, म्हणून मला इंग्रजीत खुलासा टाइप करावा लागला. सदर छायाचित्रात अर्जदार हा आपल्या बहिणीच्या नवऱ्याचा कान रूढीप्रमाणे पिळत असून यात मारहाणीचा कोणताही हेतू नाही. तू वाचून इतका हसलास की स्टुलावरून पडता पडता राहिलास. नोटरीसुद्धा हसले आणि मग गंभीर चेहऱ्यानं शिक्का मारला.

तिथपर्यंत सगळं सोपं होतं. मग वकिलाचा फॅक्स आला. वडिलांचं दुसरं लग्न कायदेशीर होतं हे दाखवायला पहिलं लग्न आधी संपलं होतं याचा पुरावा हवा. काडीमोडीचा कागद नसतोच. त्या वेळच्या पंचांपैकी एकच जिवंत होते, त्यांनी लिहून दिलं. पण मुख्य जबाब मोठ्या आईचा लागणार होता. तिनं शपथेवर सांगायचं की हो, मला नवऱ्यानं सोडलं होतं.

आपण दोघं नाचणगावला गेलो. तू तिला समजावत होतास, ती तुरीतले खडे वेचत होती.

“आई, नुसता कागद हाये.”

“नुसता हाये त कायले पायजे?”

“तुले काई फरक पडते का आता? बाबा बी गेले.”

“मले पडते.”

“चाळीस वर्षं झाली न!”

“मले मोजता येते.”

तू उठून ओरडलास. तीही ओरडली. मी दारातल्या चपलांकडे बघत उभी होते, कारण ज्या बाईच्या जागी माझी आई आली, तिच्यासमोर मी काय बोलणार.

आता यापुढचं तुला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुला सांगितलं की मशीनची रिबन आणायला वर्ध्याला जाते. मी रिबन आणायला गेले नव्हते. बस बदलून नाचणगावला गेले. मोठी आई अंगणात अंबाडीची भाजी खुडत बसली होती.

“सुधाकरनं धाडलं असन,” ती म्हणाली.

“नाई. त्याले माहीत बी नाई मी आली म्हनून. मी सांगाले आली, तुम्ही अंगठा देऊ नका. मले नाई जायचं अमेरिकेले.”

तिनं मला वर-खाली पाहिलं. “तूच न ते, पानी पाजनारी?”

“हो.”

“घरी आला आन् त्यानं कबूल केलं, म्हने पेलो पानी. आठ दिवस बोलली नाई मी त्याच्यासंगं.” आणि ती हसली. तुझं हसू तिच्याकडून आलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग तिनं मला बसायला सांगितलं, आणि भाजीची जुडी माझ्याकडे सरकवली. मी खुडायला लागले. खुडता खुडता तिनं सांगितलं, “काडी मोडली त्या दिवशी मी घरातच होती. या चुलीपाशी. पंचाईपुढं गेलीच नाई मी. माह्या वाटचं टोक माह्या भावानं धरलं. मंग तूच सांग, मोडलं कोनाचं? त्या दोघाईचं मोडलं असन. माहं नाई मोडलं.”

मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

“म्हणून तर म्हणते, देऊ नका,” मी म्हटलं.

मग तिनं विचारलं, “तिथं सुधाकरचं कोन हाये?”

तुझी बायको तोवर तुला सोडून गेलेली. लेकरू नाही. मी भाजी खुडत राहिले.

“मले चाल म्हनते तो. सहा महिन्यात नेतो म्हनते. मी वर्धेले जाते त मले मळमळते, मी काय इमानात बसू? म्हातारपनी त्याले पानी कोन देईन? तू गेली त त्याचं आपलं कोनी त राहीन तिथं.” तिनं अंबाडीचे देठ गोळा केले. “कागद बनव. देते मी अंगठा. पन काऊन देला, हे त्याले सांगू नको. त्याले वाटू दे, त्यानंच समजावलं म्हनून. पोराले समजलं, आपल्यासाठी मायनं असं लिहून देलं, त तो कागद फाडून टाकीन.”

मी हो म्हटलं.

“आन् दोन कागद बनव. एक त्याच्या सरकारचा. एक माहा.”

“तुमच्यावर काय लिहू?”

“मी यमुना, महादेवची बायको. काडी म्या धरली नाई. बस.”

पुढचं तुला आठवतच असेल. आपण तिला भाड्याच्या जीपनं पुलगावला नोटरीकडे नेलं, वाटेत दोनदा गाडी थांबवावी लागली. तिनं अंगठा दिला. तू बाहेर येऊन माझ्या कानात म्हणालास, “पाह्यलं? शेवटी ऐकलं न माहं.” मी म्हटलं, “हो, तुझंच ऐकलं.” तू जीप वळवून आणायला सांगायला गेलास, तेवढ्यात मी पिशवीतून दुसरा कागद काढला. तिनं अंगठ्यावरची शाई पुसलेली नव्हती. त्याच शाईनं तिनं त्याच्यावरही अंगठा उठवला, घडी केली आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. तू हॉर्न वाजवत होतास.

त्यानंतर तू परत गेलास आणि दर रविवारी सकाळी फोन यायला लागला. अजून नऊ वर्षं. अजून सात. तू माझ्यासाठी मोठं घर घेतलंस. मंजूच्या खोलीला कोणता रंग द्यायचा ते विचारलंस. ती तेव्हा सातवीत होती, तिनं निळा सांगितला. कॉलेजला गेल्यावर तिला निळा आवडेनासा झाला, तर तू ती खोली पुन्हा रंगवलीस. आणि मी दर वेळी सांगत राहिले, मला नाही यायचं, माझं इथं चांगलं चाललं आहे, तू उगाच तयारी करतोस.

भाऊ, मला यायचं होतं. पहिली तीन-चार वर्षं खरंच नव्हतं. मग एका वर्षी मी तिबेटी लोकांच्या दुकानातून दोन जाड स्वेटर घेतले, एक माझा, एक मंजूचा, आणि पेटीच्या तळाशी ठेवले. हिंगणघाटात तसला स्वेटर घालायची वेळ कधी येत नाही. मंजूनं ते पाहिले आणि शहाण्यासारखी पेटी बंद केली. पण मला यायचं आहे असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते? माझ्या येण्याखाली मोठ्या आईचा अंगठा होता. ‘नको’ म्हणत राहिलं की ते ओझं जरा हलकं वाटायचं. तेवढंच.

मागच्या दिवाळीतलं आपलं भांडण आठव. तुला दम लागत होता, वाक्यामधे थांबत होतास. मी म्हटलं, “डॉक्टरला दाखव.” तू म्हणालास, “दाखवलं. जिना चढलो आता म्हनून.” मी म्हटलं, “तुला आता त्रेपन्न झाले. एवढ्या मोठ्या घरात एकटा काय करतोस? मोठी आई थकली. सोडून दे सगळं आणि ये परत.”

तू म्हणालास, “मले काय हौस हाये का इथं राहाची? कधीचाच आलो असतो.”

“मग?”

“मी परत आलो त तुहा अर्ज पडते न. बोलावनाऱ्यानं तिथं राहा लागते. तुमचं दोघींचं होऊ दे, मंग पाहू.”

मी म्हटलं, “म्हणजे माझ्यामुळे का?” तू म्हणालास, “वकिली करू नको,” आणि विषय बदललास.

फोन ठेवल्यावर मी हिशेब मांडला. तू एकटा राहू नयेस म्हणून मोठ्या आईनं अंगठा दिला. तिच्या अंगठ्याचा मान राहावा म्हणून मी अर्ज चालू दिला. आणि अर्ज चालू राहावा म्हणून तू तिथं एकटा राहिलास. माझं एक वाक्य पुरेसं होतं. ‘मोठ्या आईला तू एकटा राहायला नको आहेस, बाकी काही नाही, तू ये.’ एवढं सांगितलं असतं तर तू कागद फाडला असतास आणि पुढच्या विमानानं आला असतास. ती म्हणाली होती तसंच. पण मी तिला शब्द दिला होता. शपथपत्रं टाइप करून करून मला दिलेल्या शब्दाची भलतीच किंमत वाटायला लागली आहे. वाटलं, आठ-दहा महिनेच राहिले आहेत, आपणच जातो आहोत. मी गप्प बसले. चूक माझी आहे. ती दुसऱ्या कोणाच्या नावावर लावता येत नाही.

तू कामावर गेला नाहीस म्हणून तुझ्यासोबत काम करणारा माणूस घरी पाहायला आला. सकाळी साडेसातला त्याचा फोन आला, मी मंजूचा डबा भरत होते. पुढचं त्यानंच सगळं केलं, भला माणूस. तुझ्या अस्थी नागपूरच्या एका प्रवाशासोबत आल्या. वर्धा नदीत पुलगावपाशी सोडल्या. मोठी आई पाण्यापर्यंत चालत आली.

तिनं मला एकच विचारलं. “जवळ कोनी होतं का त्याच्या?”

मी म्हटलं, “होतं. शेजारची बाई होती. तिनं पाणी पाजलं.”

हे मी खोटं सांगितलं. शपथेवर सांगायची वेळ आली तरी हेच सांगीन.

नाचणगावात आता तिचं कोणी उरलेलं नाही. तिचा भाऊ कधीच गेला, भाचे पुण्याकडे. तेराव्यानंतर मी तिला म्हटलं, चला हिंगणघाटला. तिनं विचारलं, “कोन्या नात्यानं?” मी म्हटलं, “ते नंतर पाहू, आधी पेटी भरा.” जीपनं आणलं. एकदाच थांबावं लागलं.

रेशनकार्डावर तिचं नाव चढवायचं होतं. आपलाच अर्ज, आपलंच मशीन. टेबलाशेजारी तुझ्याच स्टुलावर ती बसली होती. कुटुंबप्रमुखाशी नाते, या रकान्याशी आले आणि तिला विचारलं, “काय लिहू?”

“बापाची बायको.”

“असं नसते लिहीत. आई लिहू?”

“तुह्यी माय येगळी होती. तिले कायले खोडतं?”

“खोडत नाई कोनी. बापाची बायको म्हंजे आईच झाली न.”

तिनं विचार केला. “त माह्या नावात महादेव येईन?”

“येईन. यमुनाबाई महादेव.”

“लिही मंग.”

खिडकीतल्या बाबूनं अर्ज पाहिला. रोजचा ओळखीचा माणूस, पण नियमाचा पक्का. “ताई, नात्याचा काही पुरावा?” मी काही म्हणायच्या आत मोठ्या आईनं कमरेची पिशवी सोडली आणि एक घडी घातलेला कागद खिडकीतून आत सरकवला. घडीवर फाटायला आलेला. बाबूनं तो मोठ्यानं वाचला. मी यमुना, महादेवची बायको. काडी म्या धरली नाई.

“हे काय आहे?” त्यानं मला विचारलं.

“शपथपत्र.”

“नोटरीचा शिक्का कुठं आहे?”

“शिक्का नाही. शाई नोटरीचीच आहे.”

तो माझ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. मग त्यानं त्या कागदाला टाचणी लावली आणि अर्जाला जोडला.

कार्ड आज आलं. तीन नावं आहेत. माझं, मंजूचं, आणि तिसरं: यमुनाबाई महादेव, आई. तिला वाचता येत नाही, म्हणून मंजूनं तिचं बोट धरून ‘महादेव’वर ठेवलं. ती बराच वेळ बोट तिथंच ठेवून बसली होती. तुझ्यासाठी त्यात रकाना नाही, पण तुझ्याशिवाय ते कार्ड झालं नसतं, हे आम्हा तिघींना माहीत आहे. मंजूची तिकडची खोली तशीच राहिली. स्वेटर मी काल पेटीतून काढले. एक मोठी आई घालते. तिला पहाटे थंडी वाजते.

आणखीही लिहायचं होतं, पण ती ओसरीवरून हाक मारते आहे. पाणी मागते आहे. उठते.